पिवळा बल्ब

बुधवार, रात्र. पाऊस.

एका कोंबडीच्या पिल्लाचा मला हेवा वाटतोय. कागदावर उतरवलं की यातला खुळेपणा दिसेल आणि विषय संपेल, असं वाटलं होतं. खुळेपणा दिसतोय. विषय काही संपत नाहीये.

झालं एवढंच, की काल मध्यरात्री पाणी प्यायला उठले तर बाहेरच्या खोलीत पिवळा उजेड आणि बाबा खोक्यापुढे उकिडवे बसलेले. गुडघ्यांपायी कमोड बसवून घेतलेला माणूस, उकिडवा! बाहेर पाऊस झोडपत होता आणि हे पिल्लाला विचारत होते, "जेवलीस काय गो बाय? गारठलीस?" आवाज अगदी खालच्या पट्टीतला. मला आधी वाटलं, फोनवर कुणाशी बोलतायत. मग कळलं, फोनवर तर ते कधीच असं बोलत नाहीत. मी तशीच आत आले. पाणी प्यायचं राहिलं.

मी रात्री घरी येते तेव्हा ते टीव्हीवरची नजर न काढता म्हणतात, "कडी लाव."

बस, एवढंच. कडी मी लावतेच. गेल्या मार्चपासून रोज लावते.

आता हेवा वाटण्यासारखं त्या पिल्लाकडे काय आहे ते बघू. ते जेमतेम माझ्या दोन मुठींएवढं आहे. आणलं तेव्हा पोपटी हिरवं होतं, रंगवलेलं. आता खालून खरी पांढरी पिसं आली आहेत आणि हिरवा रंग फक्त मानेमागे, उरल्यासुरल्या लवेच्या टोकाला राहिलाय. डोक्यावर अर्धी लव, अर्धी पिसं. रूपाच्या बाबतीत तरी मला काळजी नाही.

शिवाय आणलं मी. हे कुणी बोलत नाही म्हणून इथे लिहून ठेवते. वकिलाकडून निघाले होते. तिथे काय झालं ते आज नको. सीएसएमटीला गाडी पकडायची सोडून पाय पुढे क्रॉफर्ड मार्केटकडे गेले. पक्ष्यांचे पिंजरे असतात त्या बाजूला एका टोपलीत गुलाबी, जांभळी, हिरवी पिल्लं होती, एकमेकांच्या अंगावर चढत. विकणारा ती मूठ भरून उचलत होता, शेंगदाणे उचलावेत तशी. चार घेतली. बुटाच्या खोक्याला पेनाने भोकं पाडून दिली त्याने. कल्याण स्लोच्या लेडीज डब्यात मांडीवर ते खोकं, आणि आतून अखंड चिवचिवाट. समोर मटार सोलणाऱ्या बाईने मान पुढे काढून भोकातून बघितलं, कितीला पडली ते विचारलं आणि पुढचं स्टेशन सांगावं तशा आवाजात म्हणाली, "जगत नाहीत हो ही." मग घाटकोपरपर्यंत ती आपले दाणे भोकातून आत टाकत राहिली. पिल्लांना मटार कुठले गिळायला!

म्हणे अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दिवसादोन दिवसांत जो हलताबोलता समोर दिसेल त्याच्यामागे पिल्लू जातं. तसं असेल तर न्यायाने ते माझं आहे. सीएसएमटी ते विक्रोळी माझ्या मांडीवर होतं. पण बाबांच्या स्लिपरचा आवाज आला की पंख पसरून धावत सुटतं, आणि मी हात पुढे केला की खोक्याच्या कोपऱ्यात.

गुलाबी आणि जांभळं पहिल्याच आठवड्यात गेली. तिसऱ्याचं मांजराने काय केलं ते वहिनीसमोर काढायचं नाही असं ठरलंय, कारण खिडकी कोणी उघडी ठेवली यावर घर फुटेल.

उरलं हे एक. ते उरलं ते बाबांमुळेच, हे मान्य करायला हवं. मी खोक्यात लोकसत्ता अंथरला होता. बाबांनी पहिल्या दिवशीच तो काढून टाकला. "गुळगुळीतावर पाय फाकतात, मग जन्माचं लंगडं," एवढं बोलून रेशनच्या तांदळाचं गोणपाट कापून घातलं. पाण्याच्या बशीत भाचीच्या, चिनूच्या, गोट्या ठेवल्या, म्हणजे चोच जाईल पण पिल्लू बुडणार नाही. वहिनी भाताची शितं घालत होती, ती बंद करून मला स्टार्टर, म्हणजे पिल्लांचा तयार दाणा, आणायला पाठवलं. मग बल्ब. एलईडीने ऊब येत नाही, जुना साठ वॉटचा पिवळा हवा. कन्नमवार नगरातल्या सगळ्या इलेक्ट्रिकवाल्यांनी हात वर केले. बाबा पावसात छत्री घेऊन गेले ते स्टेशनपलीकडच्या कुठल्या तरी दुकानाच्या माळ्यावरून दोन बल्ब काढायला लावून आले. एक लावायला, एक उडाला तर.

तो बल्ब सुतळीने टांगलाय, आणि सुतळीला गाठी आहेत. मी फोनवर वाचलं होतं की पहिल्या आठवड्यात साधारण पस्तीस अंश लागतात आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायचे. थर्मामीटर आणूया म्हटलं. बाबांनी उत्तर दिलं नाही. पिल्लं बल्बखाली एकावर एक चढून बसली तर एक गाठ खाली, चोची उघड्या टाकून लांब पळाली तर एक गाठ वर. पसरून निवांत बसली की झालं. दर आठवड्याला एक गाठ वर जात गेली. मी मुद्दाम तापाचा थर्मामीटर ठेवून बघितला. तो बिचारा बेचाळीसच्या पुढे जात नाही, पण तेवढ्यावरूनसुद्धा कळलं की बाबांचं बरोबर आहे. याचाही राग आला.

आता पिसं आली आहेत, बल्ब काढला तरी चालेल. पण पाऊस आहे म्हणून बाबा काढत नाहीत. रात्री उठून बघतात. लाइट गेली तर अंगावरची शाल खोक्यावर घालतात.

मला कावीळ झाली होती त्या वर्षी रात्री कोण उठायचं? आई. दहावीच्या अभ्यासाला पहाटे चहा कोण द्यायचं? आई. बाबा सेकंड शिफ्टला नाहीतर नाइटला, आणि घरी असले की झोपलेले, आणि आम्ही चवड्यांवर चालायचो. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अगं तेव्हा त्यांना वेळ कुठे होता? आता रिकामे आहेत." हे उत्तर मलाही येतं. मी स्वतःला ते अनेकदा देऊन बघितलंय. बरोबर आहे आणि पुरत नाही. वेळ आत्ता आहे ना? मी आत्ताही याच घरात आहे. खोकं शोकेसच्या खाली आहे आणि माझी गादी शोकेसच्या अलीकडे. बाबा मला ओलांडून तिकडे जातात.

हे जरा जास्तच झालं. पण लिहिलंय तर राहू दे.

दुसरं एक. आमच्याशी न बोललेल्या गोष्टी पिल्लामुळे बाहेर यायला लागल्यात. लसीचं काढलं मी. लासोटा म्हणून लस असते, साधारण आठवड्याच्या पिल्लाला डोळ्यात थेंब टाकून देतात, राणीखेत होऊ नये म्हणून. दुकानदार म्हणाला, कुपी शेकड्याच्या हिशोबाने येते, बर्फात न्यायची, फोडली की लगेच संपवायची. घरातल्या एका पिल्लासाठी शंभर पिल्लांची लस! मी जेवताना वाचून दाखवत होते की १९२७ साली कुमाऊंतल्या राणीखेतला हा रोग दिसला म्हणून आपल्याकडे ते नाव. बाबा म्हणाले, "आम्ही मानमोडी म्हणायचो." आणि मग सांगायला लागले. संगमेश्वरला आजीच्या खुराड्यात एका पावसाळ्यात मानमोडी शिरली. सकाळी डालगं उचललं की खाली एकेक मान वाकडी करून पडलेली. शेवटची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, आजीने पदरात घेऊन चुलीपाशी बसवली, बाबा तिच्याजवळ झोपले. ती जगली. पुढे ती खुडूक बसली तेव्हा आजीने शेजारणीची अंडी मागून आणून तिच्याखाली ठेवली आणि एकविसाव्या दिवशी बाबा शाळेत गेले नाहीत.

हे सगळं ते चिनूला सांगत होते. माझा घास हातातच राहिला. एवढ्या वर्षांत ही तलंग मी ऐकलेली नाही. आईला माहीत असेल का? विचारायला आता कोण आहे.

वहिनीने विषय बर्ड फ्लूवर नेला. २००६ ला नवापूरला झाला होता तेव्हा तिच्या माहेरी महिनाभर अंडं आणलं नव्हतं वगैरे. दादा म्हणाला, आरे कॉलनीत केंद्र सरकारचं कुक्कुट केंद्र आहे, आणायचीच होती तर तिथून चांगली जात आणायची, हे रस्त्यावरचं काय. मी म्हटलं, बरं. (रविवारचं चिकन मात्र बाबाच आणतात, तंगडी कुणाला आणि गळा कुणाला हेही तेच ठरवतात. त्यांना यात काही विसंगत वाटत नाही. खरं सांगायचं तर रस्सा पुढ्यात आला की मलाही नाही.)

एक गोष्ट माझ्याकडे होती, जी कुणालाच माहीत नव्हती. गेला आठवडाभर मी ती जपून ठेवली होती.

पिल्लाच्या तुऱ्याला लाली यायला लागलीय. एवढ्या लवकर तुरा लाल म्हणजे बाय नव्हे, बाप्या. आणि नुसता तुरा कशाला, रंगवून विकतात ती पिल्लं बहुतेक सगळी नरच असतात. अंड्यांसाठीच्या जातीत मादी ठेवतात. नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखा पाचसहा आठवड्यांत मांसालाही भरत नाही. त्यामुळे हॅचरीत पहिल्याच दिवशी मागची बाजू दाबून बघतात, किंवा पंखावरून ओळखतात, आणि नर बाजूला काढतात. पुष्कळसे तिथेच मारतात. उरलेले रंगात बुडवून टोपलीत येतात. बाहेर येण्याआधी पिल्लू अंड्यातलं उरलेलं पिवळं पोटात ओढून घेतं, त्यावर दोनतीन दिवस निभावतं, म्हणून तर ही दाणापाण्याशिवाय लांबून मुंबईत पोचतात.

आणि बाबा चिनूला सांगत होते, "दिवाळीपर्यंत अंडी घालील हो आपली बाय. पहिलं अंडं तुझं."

मी गप्प होते. गंमत वाटत होती. पन्नास वर्षं कोंबड्या बघितलेल्या माणसाला कोंबडा ओळखता येईना आणि मला येतोय, याचा आनंद किती झाला होता ते लिहिण्यासारखं नाही. मनात सगळी वाक्यं तयार होती. अगदी सहज, भाजी निवडता निवडता सांगायचं, की बाबा, तुमची ती जी बाय आहे ना.

आज संध्याकाळी वहिनी आणि चिनू क्लासला गेल्या होत्या. पाऊस थोडा थांबला होता. बाबा पिल्लाला दाराबाहेरच्या जागेत सोडून खुर्ची टाकून बसले होते. पिल्लू कुंडीतली माती उकरत होतं. कालच्या रात्रीचं अजून घशात होतंच. म्हटलं, आता. सांगून टाकलं. तुरा, हॅचरी, टोपली, सगळं. जरा खणखणीतच सांगितलं असणार.

बाबा पिल्लाकडेच बघत होते. म्हणाले, "कोंबडा आहे ते तू खोकं उघडलंस तेव्हाच कळलं. बाजारात ह्या रंगाच्या पिल्लांत मादी कोण देतो?"

"मग अंडी घालील म्हणून कशाला सांगता तिला?"

"पोरीला काय सांगू? टाकून दिलेलं पोर आहे म्हणून?"

मी गॅलरीचा गज धरून उभी होते. पलीकडच्या बिल्डिंगचं पत्र्याचं कुंपण, त्यावर रीडेव्हलपमेंटचा बोर्ड, सगळं नीट वाचून काढलं. कार्पेट एरियासकट.

मग थोड्या वेळाने त्यांनी घसा साफ केला. म्हणाले, स्टार्टर दोन दिवसांचा राहिलाय, उद्या येताना आण, आणि ओलसर देतो तो दुकानदार, हात घालून बघून घे, बुरशीचा दाणा पोटात गेला तर गेलं. मी बरं म्हटलं. आणि आणखी दोनतीन महिन्यांत हे आरवायला लागेल. पहाटे चारला. मग सेक्रेटरी येईल, सोसायटीची नोटीस येईल, वरच्या मजल्यावरचे तर येतीलच.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"तू बोलायचं त्यांच्याशी. मला जमत नाही. दादा तुझा घाबरट आहे. तू वकिलाकडे जातेस, तुला भांडायची सवय झालीय आता."

वकिलाचं नाव त्यांनी पहिल्यांदा काढलं. मी काही बोलणार तेवढ्यात पिल्लू कुंडीतून उडी मारून माझ्या पायावर आलं आणि पैंजणाला चोच मारायला लागलं. दाणा समजून. दुखलं चांगलंच. बाबा म्हणाले, "हालू नको, घाबरेल."

हालले नाही. घाबरण्याची पाळी कुणाची, हे विचारायचं राहिलं.

सोसायटीचे नियम आता वाचायला काढलेत. पाळीव प्राण्यांबद्दल आहे, कुत्र्यांबद्दल पानभर आहे, कोंबड्याबद्दल अक्षर नाही. यातून वाट काढता येईल असं वाटतंय. उद्या स्टार्टर, आणि जमलं तर सुतळी. जुनी कुजलीय.