दोन गठ्ठे आणि एक न आलेला रिपोर्ट

ओपीडीतल्या सिस्टरने त्या बाईंना माझ्याकडे पाठवले, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर एवढेच लिहिले होते : ‘पेशंट ट्रीटमेंटला नाही म्हणते.’ मी एका कर्करोग रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे आणि अशी चिठ्ठी मला नवीन नाही. बहुतेक वेळा तिच्यामागे पैशांची अडचण, गावाचे अंतर किंवा घरातल्या एखाद्या ज्येष्ठाचा विरोध असतो. इथे वरवर तरी यातले काहीच दिसत नव्हते. बाई सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या, वय पंचेचाळिशीच्या पुढचे. यजमान साखर कारखान्यात नोकरीला आणि मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. तिघेही शांतपणे येऊन बसले आणि मुलाने फाइलच्या शेजारी प्रिंटआउटचे दोन गठ्ठे ठेवले. एकाला लाल क्लिप होती, दुसऱ्याला निळी.

मी आधी फाइल उघडली. उजव्या स्तनात सुमारे तीन सेंटिमीटरची गाठ, काखेतल्या एका लसीका ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी, शरीरात इतरत्र पसरल्याचे चिन्ह नाही. म्हणजे दुसऱ्या टप्प्याचा, बरा करण्याच्या उद्देशाने ज्यावर उपचार केले जातात असा आजार. बायोप्सीच्या पुढच्या तपासणीत ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह (म्हणजे गाठीच्या पेशींत संप्रेरकांना प्रतिसाद देणारी ही दोन प्रथिने नाहीत) आणि हर-टू 2+ असे नोंदले होते. त्याखाली बारीक अक्षरांत ‘फिश तपासणी करून घ्यावी’ अशी ओळ होती. डॉक्टरांनी आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया असा बेत सांगितला होता, पण केमोबरोबर कोणते औषध द्यायचे ते फिशच्या रिपोर्टवर ठरणार होते आणि तो रिपोर्ट अजून यायचा होता.

या 2+ ने घरात दोन तट पाडले होते. हर-टू या प्रथिनाच्या तपासणीत 0 आणि 1+ म्हणजे निगेटिव्ह, 3+ म्हणजे पॉझिटिव्ह आणि 2+ म्हणजे या तपासणीवरून निकाल देता येत नाही, फिश तपासणीने पेशीतल्या त्याच्या जनुकाच्या प्रती मोजून पाहा, असा अर्थ असतो. मुलाने ‘3+ नाही, म्हणजे निगेटिव्हच’ असे धरले आणि तिन्ही निगेटिव्ह असलेल्या कर्करोगाबद्दल जे सापडले ते छापून लाल क्लिपेत लावले. बी.फार्म. करणाऱ्या पुतणीने ‘प्लसचे चिन्ह आहे, म्हणजे पॉझिटिव्ह’ असे धरून निळा गठ्ठा पाठवला. बाईंनी दोन्ही गठ्ठे पेन्सिल घेऊन वाचले होते आणि समासात टक्केवारीची बेरीज-वजाबाकी केली होती.

“दोन्हींकडून उत्तर एकच येतं, मॅडम,” त्या म्हणाल्या. “लाल म्हणतो लवकर उलटतो, निळा म्हणतो फार आक्रमक असतो. मग केस घालवून, रजा घालवून, मुलाचे पैसे घालवून मी मिळवायचं काय?”

मी गठ्ठे चाळले. मला वाटले होते की नेहमीचेच निघेल : गोमूत्र, अल्कधर्मी पाणी, बायोप्सीने आजार पसरतो ही पक्की घर करून बसलेली समजूत. तसे एकही पान नव्हते. दोघा मुलांनी मोठ्या संस्थांची, विद्यापीठांची आणि नियतकालिकांची पानेच निवडली होती आणि त्यांतली बहुतेक माहिती खरीच होती. ती फक्त या बाईंची नव्हती. खोट्या माहितीशी भांडायला मला फारसे जड जात नाही, कारण तिच्यामागचा विक्रेता थोड्या वेळात दिसतो. खरी माहिती चुकीच्या माणसाच्या हाती पडली की तिला खोडून काढता येत नाही आणि काढूही नये. ती कुणाची आणि कधीची, एवढेच शोधावे लागते.

मग आम्ही तेच करायला बसलो. निळ्या गठ्ठ्यातल्या ज्या पानाखाली बाईंनी सर्वांत जाड रेघ ओढली होती, त्यावर तारीखच नव्हती. मी मुलाला तळाची संदर्भसूची वाचायला सांगितली. त्यातला सर्वांत अलीकडचा संदर्भ 2003 सालचा निघाला. हर-टू पॉझिटिव्ह गाठी जास्त आक्रमक असतात हे 1987 मध्येच दिसून आले होते. त्या प्रथिनावरच नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत 1998 मध्ये मान्यता मिळाली, पण ती आजार पसरलेल्या रुग्णांसाठी होती. सुरुवातीच्या टप्प्यात हे औषध केमोच्या जोडीला दिल्यास आजार उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते, हे मोठ्या चाचण्यांतून 2005 मध्ये पुढे आले. म्हणजे बाई ज्या आकड्यांवर निर्णय घेत होत्या, ते या उपचाराच्या आधीच्या काळातल्या स्त्रियांचे होते. गणिताच्या शिक्षिकेला हे दोनदा सांगावे लागले नाही. त्यांनी पेन्सिलीने समासात ‘2003’ लिहिले आणि भोवती गोल केला.

त्याच पानाच्या कोपऱ्यात आरोग्यविषयक संकेतस्थळांना मिळणारे हॉनकोडचे मानचिन्ह होते आणि त्याच्याच भरवशावर पुतणीने ते पान निवडले होते. जिनिव्हाच्या ‘हेल्थ ऑन द नेट फाउंडेशन’ने 1996 मध्ये ही आचारसंहिता सुरू केली आणि बरीच वर्षे ती उपयोगीही पडली, पण ती संस्था डिसेंबर 2022 मध्ये बंद झाली. चिन्हे काही पानांवर तशीच राहिली आहेत, तपासणारे मात्र कुणी उरलेले नाही.

लाल गठ्ठ्याची अडचण वेगळी होती. त्यातली बरीच पाने अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची, म्हणजे मी स्वतः ज्यांवर विश्वास ठेवते त्यांतली होती. पण ही संस्था एकाच विषयाची दोन पाने ठेवते, एक रुग्णांसाठी आणि एक आरोग्यसेवेतल्या व्यावसायिकांसाठी. मुलाने हुशारीने दुसरे, जास्त तपशिलाचे पान निवडले होते, आणि त्यातले जगण्याचे तक्ते आजार शरीरभर पसरलेल्या रुग्णांवरच्या चाचण्यांचे होते. शिवाय पाच वर्षांच्या जगण्याचा कोणताही आकडा किमान पाच वर्षांपूर्वी आजार सापडलेल्यांचाच असतो. आज उपचार सुरू करणाऱ्याचा आकडा अजून कुणाकडेच नसतो. मुलगा म्हणाला, “मी रिपोर्ट चॅटबॉटलाही दिला होता. त्याने ट्रिपल निगेटिव्ह धरूनच सगळं सांगितलं.” मी विचारले, तेव्हा कळले की प्रश्नच त्याने ‘आईला ट्रिपल निगेटिव्ह आहे’ असा सुरू केला होता. रिपोर्टच्या फोटोवर आईचे नाव, वय आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक तसाच होता. पुढच्या वेळी तेवढा भाग झाकूनच फोटो काढा, असे मी त्याला सांगितले.

यजमान इतका वेळ गप्प होते. आता त्यांनी फोन पुढे केला. त्यावर लिंबूपाणी, हळद, कडुनिंब आणि उपवास यांनी चौथ्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग बरा झाल्याचा फॉरवर्ड होता. “हे तरी करून बघायला काय हरकत आहे?” नवज्योतसिंग सिद्धू यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये पत्नीच्या आजाराबद्दल घेतलेल्या पत्रकार परिषदेतून हे सारे पसरले होते. त्यानंतर दोनच दिवसांनी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या 262 आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी पत्रक काढून, या दाव्यांना पुरेसा पुरावा नाही आणि सिद्ध झालेले उपचार लांबवू नका, असे कळवले होते. ते पत्रक मी त्यांना उघडून दाखवले. मात्र यजमानांवर परिणाम झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा : सिद्धूंच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमो झालेली होती, हे फॉरवर्डमध्ये कुठेच लिहिलेले नव्हते. “मग हे अर्धंच सांगितलंय की,” असे म्हणून त्यांनी तो मेसेज पुसून टाकला. जेवणातल्या हळदीला कुणाची हरकत नव्हती, हेही मी स्पष्ट केले. केमो सुरू असताना हळदीच्या अर्काच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नव्हत्या.

उरलेला वेळ आम्ही माझ्या संगणकावर काढला. मुलाने माझ्यासमोर मराठीत शोध घेतला, तेव्हा वरच्या निकालांत घरगुती उपायांच्या बातम्या आणि व्हिडिओच जास्त आले. मराठी वाचकाला इथे फार वाईट वागणूक मिळते, असे माझे मत आहे. भारतात 2022 या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे 1,92,000 नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांच्यासाठी तारीख टाकलेली, तज्ज्ञाने तपासलेली पाने शोधून काढावी लागतात. मुंबईच्या जासकॅप संस्थेच्या मराठी पुस्तिका मी देते, पण छपाईचे वर्ष बघून, आणि औषधांचा भाग डॉक्टरांकडून पडताळून घ्यायला सांगूनच.

मुलाला इंग्रजी चालत होते, म्हणून ब्रिटनच्या कॅन्सर रिसर्च यूकेची पाने काढली. तिथे पान शेवटचे कधी तपासले आणि पुन्हा कधी तपासायचे, या दोन्ही तारखा खाली दिलेल्या असतात. ट्रास्टुझुमॅबच्या पानावर हृदयाच्या तपासणीचा उल्लेख आला तसा तो थबकला. या औषधाने काही जणांच्या हृदयाची ताकद कमी होऊ शकते, म्हणून आधी आणि नंतर ठरावीक अंतराने इको करतात, हे मी सांगितले. आईचा इको दोनच दिवसांपूर्वी का झाला, याचा उलगडा त्याला तेव्हा झाला. खर्चाचा आकडा मात्र त्याने एका अमेरिकी पानावरून डॉलरमध्ये काढला होता आणि तो ऐकूनच बाईंनी उपचाराचा विचार सोडला असावा. भारतात बनलेली याच औषधाची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी अगदी मिळतीजुळती, रूपे 2014 पासून मिळतात आणि किंमत बरीच खाली आली आहे. सरकारी आरोग्य योजनेत काय बसते आणि शाळेच्या वैद्यकीय परिपूर्तीत काय बसते, याची माहिती परदेशी पानावर कशी मिळणार? ती आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, योजनेच्या खिडकीपाशी होती.

निघताना मी बाईंना विचारले की, एवढ्या वाचनात त्यांना स्वतःला हवे असलेले काही सापडले का. त्या थोडे थांबून म्हणाल्या, “माझा उजवा हात. फळ्यावर वरच्या ओळीपर्यंत पोचेल का? खडू धरता येईल का? हे कुठंच नव्हतं.” हे तसे सगळीकडेच होते, मुलांनी आजाराचे नाव शोधले होते, आईचा प्रश्न नव्हे. आम्ही शस्त्रक्रियेनंतरचे खांद्याचे व्यायाम शोधले आणि चित्रांची पाने एका मिनिटात सापडली. काखेतल्या किती ग्रंथी काढाव्या लागतील, यावर हाताला सूज येण्याचा धोका बराच अवलंबून असतो आणि काही केमोंमुळे बोटांना बधिरपणा येऊ शकतो, हेही त्यांनी स्वतः वाचले. पेन्सिल पुन्हा बाहेर निघाली.

फिशचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला, तो पॉझिटिव्ह. लाल गठ्ठा मुलाने घरीच ठेवला होता आणि निळ्यातली जुनी पाने काढून टाकली होती. डॉक्टरांसमोर बसताना बाईंच्या हातात एकच कागद होता, त्यावर त्यांच्या अक्षरात क्रमवार प्रश्न. तिसऱ्या प्रश्नाला डॉक्टरांनी लगेच उत्तर दिले नाही; काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढायच्या की केमोला मिळणारा प्रतिसाद पाहून कमी काढता येतील, हे ट्युमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत, मांडतो, असे ते म्हणाले. पहिल्या केमोची तारीख त्याच भेटीत ठरली, आणि खांद्याच्या हालचालीची मोजणी शस्त्रक्रियेच्या आधीच करून ठेवावी म्हणून फिजिओथेरपीची वेळही बाईंनी स्वतः मागून घेतली.