उद्या तेल लावून यायचं नाही

महोत्सवी अंकासाठी चार ओळी लिहा, असं मुख्याध्यापकांचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर उभे राहिले ते आपले विज्ञानाचे सर. शाळेचे उपकार पुष्कळ आहेत, पण मला लिहायचंय ते सरांबद्दलच.

आठवी ब, जुलै महिना. बाहेर पावसाची झड लागलेली. सरांनी फळ्यावर ‘स्थितिक विद्युत’ लिहिलं, खिशातला कंगवा केसांवरून फिरवला आणि कागदाच्या कपट्यांजवळ नेला. कपटे ढिम्म. पुन्हा फिरवला, तरी ढिम्मच. मागच्या बाकांवर खसखस पिकली. सर शांतपणे म्हणाले, “कंगवा दुर्वाहकच आहे रे, वीज वाहू न देणारा. पण या दमट हवेत त्याच्यावर पाण्याचा न दिसणारा थर बसलाय. घासून जमलेला प्रभार, म्हणजे वीज, त्या थरावरून निसटतो. थंडी पडू दे, मग बघू.”

आम्ही विसरलो, सर विसरले नाहीत. डिसेंबरात एकदा तास संपताना म्हणाले, “उद्या कुणीही डोक्याला तेल लावून यायचं नाही.” आईला हे पटवताना माझ्या नाकी नऊ आले! दुसऱ्या दिवशी कपटे टपाटप उडून कंगव्यांना चिकटले. मग सरांनी कपाटातली काचेची बरणी काढली. तिला रबरी बूच, बुचातून आत गेलेली तांब्याची तार आणि तारेच्या टोकाला चहाच्या पुड्यातल्या चांदीच्या कागदाच्या दोन पट्ट्या. कंगवा तारेला घासला तशा पट्ट्या फाकल्या आणि फाकलेल्याच राहिल्या, कारण रबर प्रभाराला बाहेर जाऊ देईना. मला बोलावून तारेला बोट लावायला सांगितलं. पट्ट्या झटकन मिटल्या. “गेला बघ तुझ्यातून जमिनीत,” सर म्हणाले. ते बोट मी दिवसभर बघत होतो.

आज मी कोकण किनाऱ्यावर विजेच्या २२० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) उपकेंद्रात काम करतो. विजेच्या तारा खांबापासून अलग ठेवणाऱ्या चिनी मातीच्या तबकड्या, म्हणजे इन्सुलेटर; खारा वारा त्यांच्यावर मीठ आणून बसवतो. कोरडं असेपर्यंत त्याचा त्रास नाही. पहाटे दव पडलं की तेच ओलं मीठ चिनी मातीवरून विजेला वाट करून देतं. तबकड्यांची माळ सूं सूं करू लागते, कधी मोठी ठिणगी उडून लाइन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. म्हणून त्या धुवाव्या लागतात. तबकडीच्या पोटाला वळ्या असतात, त्याही पृष्ठभागावरची ही वाट लांबावी म्हणूनच. नव्या मुलांना हे समजावताना मी सुरुवात सरांच्या जुलैमधल्या कंगव्यापासून करतो.

सर गेले तेव्हा मला येता आलं नाही, ती खंत आहेच. नव्या प्रयोगशाळेचे फोटो पाहिले. भिंतभर पडदा आहे, छान आहे. ती बरणी मात्र कुठे दिसली नाही. कपाटात वरच्या फळीवर डावीकडे असायची. सापडली तर बूच नीट कोरडं करून मुलांच्या हाती द्या, आणि हा धडा डिसेंबरात घ्या.