आईनं तर कधी गोळीच घेतली नाही

लॅबच्या खिडकीशी रिपोर्ट न्यायला येणारे नातेवाईक हा प्रश्न इतक्यांदा विचारतात की आता त्यांचा चेहरा बघूनच मला तो ऐकू येतो. परवा विचारणारे गृहस्थ पन्नाशीचे असतील. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, लघवीची नळी १२ दिवस आत. कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा, कागद हातात, त्यावर औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषधाला न जुमानणारा. "मॅडम, आमच्या आईनं जन्मात कधी अँटिबायोटिक घेतलं नाही हो. ताप आला तरी गवती चहा. मग तिच्या अंगाला औषधांची सवय लागली कशी?"

मागे रांग होती, मी काहीतरी थातुरमातुर बोलले. आता इथे नीट सांगते.

सवय आईच्या अंगाला लागलेलीच नाही. औषधाला दाद देत नाही तो जंतू. आई नुसती त्याची घरमालकीण, तीही नकळत झालेली.

तो जंतू मी पाहिलाय. लघवीचा थेंब प्लेटवर ओढून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवला. सकाळी गुलाबी, फुगीर, एकमेकांत मिसळलेल्या वसाहती. लूप, म्हणजे तारेचं बारीक कडं, टेकवला तर भेंडीसारखं बुळबुळीत. जंतूचं नाव क्लेब्सिएला. मग त्याचा एकसारखा थर दुसऱ्या प्लेटवर पसरून त्यावर औषधाच्या कागदी टिकल्या ठेवल्या. मेरोपेनेमची टिकली ६ मिलीमीटरची असते. औषध लागू पडणार असेल तर तिच्याभोवती निदान २३ मिलीमीटर व्यासाचं स्वच्छ रिंगण दिसायला हवं. इथे जंतू टिकलीच्या काठाला खेटून उगवलेले. मेरोपेनेम हे आमचं राखीव औषध, बाकीची हरली की काढायचं. ते असं हरलेलं पाहिलं की मी प्लेट उगाचच पुन्हा उजेडात धरते. रिंगण काही येत नाही.

आता हा गुण जंतूला मिळाला कुठून? आपल्याकडे गुण येतात आईबापांकडून. जंतूंनाही वारसा मिळतोच, पण त्यांची आणखी एक सोय आहे: शेजारधर्म. घरातलं विरजण संपलं की आपण वाटी घेऊन शेजारी जातो. शेजारीण चमचाभर देते, तिचं दही तिच्याकडे राहतंच. जंतूंमधलं हे विरजण म्हणजे प्लास्मिड, मुख्य गुणसूत्राखेरीज पेशीत असलेलं डीएनएचं छोटं कडं. दोन जंतू एकमेकांना चिकटतात, एकाकडच्या प्लास्मिडची नक्कल दुसऱ्याकडे जाते. घेणारा आपल्याच जातीचा असावा अशीही अट नाही. क्लेब्सिएला ई. कोलाय या आतड्यातल्या दुसऱ्या जंतूला देतो. जातपात न मानणारा समाज बघायचा तर आतड्यात बघावा!

हे कागदावर नोंदलं गेलेलं एक प्रकरण आहे. स्वीडनमध्ये राहणारे, मूळ भारतीय असलेले एक गृहस्थ इकडे आले असता दिल्लीच्या रुग्णालयात दाखल झाले होते. परत गेल्यावर जानेवारी २००८ मध्ये त्यांच्या लघवीत मेरोपेनेमच्या गटाला न जुमानणारा क्लेब्सिएला सापडला. पुढे त्यांच्या शौचातल्या ई. कोलायमध्येही अगदी तेच जनुक निघालं. दोन वेगळे जंतू, जनुक एकच. देवाणघेवाण त्यांच्या पोटातच झाली असावी, असा अंदाज संशोधकांनी बांधला. त्या जनुकापासून बनणारं विकर (एन्झाइम) जस्ताच्या मदतीनं औषधाच्या रेणूतलं चार अणूंचं कडं फोडतं. त्याला नाव मिळालं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, एनडीएम-१.

नावावरून केवढा गदारोळ झाला! देशाची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचा कट, सगळं बोलून झालं. त्याच सुमारास, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या नियतकालिकात आपलीच आकडेवारी छापली होती: या गटाच्या औषधांना न जुमानणारे २४ जंतू तपासले, २२ मध्ये एनडीएम-१. पुढच्या वर्षी दिल्लीतल्या पाण्याचा अभ्यास आला. साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत हे जनुक होतं. म्हणजे विरजण गल्लीत पोचलेलं. नावावरचं भांडण मला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही.

म्हणून आईनं गोळी घेतली की नाही, हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. गोळ्या कुणीतरी घेतल्या, पुष्कळांनी घेतल्या, साध्या सर्दीला घेतल्या. त्यातून तगलेल्यांनी विरजण वाटलं. ते आईपर्यंत पाण्यातून आलं, जेवणातून आलं की वॉर्डात कुणाच्या हातावरून, हे तिच्या एका रिपोर्टवरून मला सांगता येणार नाही.

लोक मग म्हणतात, औषधं थांबवली की जंतू ताळ्यावर येतील ना? मलाही कॉलेजात असंच वाटायचं. एक तर एकाच प्लास्मिडवर पाच-सहा औषधांविरुद्धची जनुकं दाटीवाटीनं बसलेली असतात; त्यातलं एक स्वस्तातलं औषध दिलं तरी सगळं बिऱ्हाड टिकतं. दुसरं म्हणजे काही प्लास्मिडांची चलाखी. ती पेशीत विष तयार करतात आणि सोबत उताराही. विष टिकाऊ, उतारा लगेच विरणारा. विभागणीत एखाद्या लेकीच्या वाट्याला प्लास्मिड आलं नाही, तर तिच्याकडे आईकडून आलेलं विष उरतं, नवा उतारा बनत नाही. ती मरते किंवा तिची वाढ खुंटते. असा भाडेकरू सहजी घर सोडत नाही.

राहता राहिलं हॉस्पिटल. अमेरिकेत बेथेस्डा इथे सरकारी संशोधन संस्थेचं रुग्णालय आहे, पैशाची वा अकलेची वाण नसलेलं. २०११ मध्ये तिथे असाच क्लेब्सिएला (जनुक वेगळं, केपीसी नावाचं) असलेली एक रुग्ण आली. तिला वेगळं ठेवलं, सगळे नियम पाळले, जुलैत ती घरीही गेली. तीन आठवड्यांनी दुसरा रुग्ण, मग तिसरा. एकूण १८ जणांत जंतू सापडला, ११ दगावले, त्यातले ६ या जंतूमुळे. जंतूंचा सगळा डीएनए वाचल्यावर कळलं की धागा त्या पहिल्या बाईंपर्यंतच जातो. काही रुग्ण आजाराचं एकही लक्षण नसताना तो पोटात बाळगून होते. तो बेसिनच्या नाळीत सापडला, साफ केलेल्या व्हेंटिलेटरवरही सापडला.

बेसिनवर माझा विशेष राग आहे. आमच्या वॉर्डातल्या मावशी हात धुवायच्या बेसिनमध्ये उरलेला चहा ओततात, नातेवाईक डबे विसळतात. खाली वाकड्या नळीत ते दूध-साखरेचं पाणी साचतं. जंतूंना आयतं जेवण. नळ जोरात सोडला की शिंतोडे वर येतात, थेट हात धुणाऱ्याच्या बाहीवर. मी दोनदा तिथे पाटी लावली. दोन्ही वेळा कुणीतरी तिच्यावर टॉवेल वाळत घातला.

त्या गृहस्थांना मी शेवटी एवढंच विचारलं, आईला ताप आहे का? नव्हता. जळजळ, पोटात दुखणं? तेही नाही. मग डॉक्टर कदाचित औषध देणारही नाहीत म्हटलं, नळी काढतील आणि लक्ष ठेवतील. नळीत जंतू वाढले म्हणजे आजार झालाच असं नाही. "पण तो जंतू तिच्या पोटात काही महिने राहू शकतो. दुसऱ्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर दाखल करतानाच हा कागद दाखवा, लपवू नका."

"दाखवला तर घेतील का हो तिला?" त्यांनी विचारलं.

घ्यायला हवं, असं मी म्हणाले. त्यांनी कागदाची चौपदरी घडी केली आणि एक्स-रेच्या पिशवीत, सगळ्यात मागे सरकवली.