शनिवारचा बॅकअप

दर शनिवारी रात्री दुकान वाढवायच्या आधी मी बॅकअप घेतो. अकरा पार्ट्यांचं हिशेबाचं काम बघतो, अकरा पेनड्राइव्ह आहेत, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातले मित्र त्यांना माझी जानवी म्हणतात. म्हणोत. २४ ऑगस्ट २०२४ च्या शनिवारी रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी मुजमहुड्याच्या औषधवाल्या काकांचा बॅकअप हिरव्या दोऱ्यात बांधून मी घरी आणला. रविवारी सुट्टी, सोमवारी गोकुळाष्टमी. मंगळवारी विश्वामित्री नदी काळ्या घोड्याच्या पुलावर ३५ फुटांच्या वर गेली आणि काकांच्या गोडाऊनमध्ये कमरेएवढं पाणी भरलं.

म्हणजे विमेवाल्यांना जी तारीख हवी असते, नुकसानीच्या क्षणी माल किती होता, ती माझ्या खिशात अगदी बरोब्बर होती. शनिवारनंतर एक पट्टीसुद्धा विकली नव्हती की आली नव्हती. असा योग पस्तीस वर्षांत आला नाही. आणि तरी चार दिवस ते आकडे मला दिसले नाहीत.

आधी हे काम काय असतं ते थोडं सांगतो, कारण लोकांना वाटतं हिशेबनीस म्हणजे बेरजा. बेरजा मशीन करतं. औषधांच्या होलसेलमध्ये माणसाचं काम म्हणजे बॅच. एकच गोळी, एकच कंपनी, पण रॅकवर तीन बॅचा, तीन एक्सपायऱ्या, दोन एमआरपी. त्यात स्कीम. दहावर एक फुकट. बिलात दहा पट्ट्या ११० च्या दराने, ११०० रुपये; मालात अकरा. सॉफ्टवेअरला सोडून दिलं तर ते दहा पट्ट्या ११० च्या धरतं आणि अकरावी शून्याची. मग ती शून्याची पट्टी कुठल्या तरी बिलात जाते, नफा फुगतो आणि पुढच्या महिन्यात बसतो. मी पहिल्या वर्षीच ते बदलून घेतलं: ११०० भागिले अकरा, पट्टी शंभरची. काकांच्या स्टॉकची किंमत वडोदऱ्यात कुणाही स्टॉकिस्टच्या तुलनेत जास्त खरी आहे, हे मी छातीठोक सांगतो. सीए साहेबांनी कधी विचारलं नाही, ती गोष्ट वेगळी. त्यांना फक्त सही कुठे करायची ते हवं असतं.

गुरुवारी पाणी उतरलं. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली होता, त्यात गाळ. काकांचा स्मार्टफोन नाहीच, साधा बटणांचा. त्यांच्या धाकट्याचा फोन पाण्यात गेलेला. रॅकचे खालचे तीन कप्पे म्हणजे खोक्यांचा लगदा, आणि वास असा की पॅरासिटामॉल, कफ सिरप आणि नदी एकत्र उकळल्यासारखा. इन्सुलिनच्या फ्रिजला दोन ते आठ डिग्री लागतात. वीज दोन दिवस नव्हती, तेव्हा ते गेलंच. खरेदीची बिलं खालच्या कपाटात होती. त्यांची पोळी झाली होती.

मी म्हटलं, काका, घाबरू नका, हिशेब माझ्याकडे आहे.

रात्री घरी लॅपटॉपवर बसलो. सॉफ्टवेअर तेच, माझ्या दुसऱ्या पार्टीसाठी घातलेलं. बॅकअप लावला. निळ्या चौकटीत ओळ आली: ही कंपनी दुसऱ्या खात्याशी जोडलेली आहे, त्या खात्याने साइन-इन करा.

हे पूर्वी नव्हतं. पूर्वी डब्याच्या मागे एक डाँगल लावायचो, करंगळीएवढा. डाँगल जवळ असेल त्याचं सॉफ्टवेअर. घर बदला, मशीन बदला, डाँगल उचला आणि चला. २०२३ मध्ये अपडेट आलं आणि डाँगल बंद झालं. आता म्हणे खातं हवं, मेल आणि मोबाइल. डेटा तुमच्याच मशीनवर राहील, काळजी करू नका, असं डीलर म्हणाला. डेटा मशीनवरच राहिला, तो खोटं बोलला नाही. फक्त किल्ली त्यांच्याकडे गेली.

आणि किल्लीवर नाव कुणाचं? इथे मला माझंच नाव घ्यावं लागतं. अपडेट घालायला डीलरचा पोरगा आला होता, विशीतला, हुशार, घाईत. त्याने काकांना मेल विचारला. काकांना मेल नव्हता. मोबाइलवर ओटीपी येईल म्हणाला. काका बँकेत गेलेले, फोन त्यांच्या खिशात. काउंटरवर चार माणसं उभी, मला अकरा तारखेचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा रिटर्न, भरायचा. मी म्हटलं, "टाक रे तुझाच, नंतर बदलू." पोरगा "वांधो नथी" म्हणाला आणि त्याचा मेल, त्याचा नंबर टाकून गेला. नंतर कोण बदलतो?

शुक्रवारी हेल्पलाइन. नोंदणीकृत नंबर सांगा. तो डीलरच्या पोराचा, तो नोकरी सोडून गेलाय. मग लेटरहेडवर अर्ज, पॅन, जीएसटीचं सर्टिफिकेट जोडून नोंदणीकृत मेलवरून पाठवा. मी म्हटलं, बाई, तो मेल उघडता येत नाही म्हणूनच तर फोन केलाय. ती म्हणाली, सर, मी तुमची अडचण समजू शकते. लेटरहेड गाळात होतं. धाकट्याने ते उचलून दाखवलं, काकांच्या वडिलांच्या नावाची शाई पसरून गुलाबी झालेली. बाईचा दोष नाही. तिला कागदावर जे लिहून दिलंय तेवढंच बोलायची परवानगी असणार. पण पस्तीस वर्षं मी लोकांच्या वह्या उघडतो आणि एका मुलीला मी कोण हे पटवून देताना मला घाम फुटला, ते विसरत नाही.

शनिवारी विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. अहमदाबादहून, गमबूट घालून, कमी बोलणारे. मला आवडले. त्यांनी मागितलं: मागच्या वर्षाचा ताळेबंद, बँकेला दिलेलं जुलैअखेरचं स्टॉक स्टेटमेंट, ऑगस्टची खरेदी-विक्री आणि बॅचवार शिल्लक. पहिले दोन माझ्या मेलमध्ये होते. ऑगस्ट कुठेच नव्हता. काकांची उलाढाल पाच कोटींच्या आत, त्यामुळे ई-इन्व्हॉइस नाही, म्हणजे बिल फाडताना ते सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागत नाही. विकलेल्या मालाचं सरकारकडे जे काही जातं ते पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला. आमच्या खरेदीचा जीएसटीवरचा तक्ता, २बी, चौदा तारखेला. ऑगस्टचे चोवीस दिवस फक्त त्या हिरव्या दोऱ्यात होते.

एका एमआरच्या, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या, व्हॉट्सअ‍ॅपवर शनिवारची आमची स्टॉक लिस्ट सापडली, आम्ही दर आठवड्याला पाठवतो ती. मी जवळजवळ नाचलो. सर्व्हेअरनी चष्म्यावरून बघितलं. नाव, पॅकिंग, नग. बॅच नाही, दर नाही. "अशी पीडीएफ कुणीही बनवेल," ते म्हणाले. बरोबर होतं. मग शांतपणे म्हणाले, "रेकॉर्ड उघडतच नसेल तर तसं लिहून द्या. मी बँकेचं जुलैचं स्टेटमेंट धरतो." जुलैअखेरचा आकडा होता ७८ लाख. पॉलिसी होती ८० लाखांची.

ज्याला हिशेब कळतो त्याला इथे थांबायला हवं, म्हणून मीही थांबतो. विम्यात माल पॉलिसीपेक्षा जास्त निघाला की अ‍ॅव्हरेज लागतं: शंभराचा माल, ऐंशीचा विमा, तर प्रत्येक नुकसानीचे शंभरातले ऐंशीच. लहान धंद्यांच्या पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ असते, त्यापुढे नाही. ७८ धरले तर प्रश्नच नव्हता. पण मला माहीत होतं की ऑगस्टमध्ये आम्ही भरपूर उचललं होतं. डेंग्यू-तापाचा सीझन, कंपन्यांच्या स्कीमा. किती, ते आठवत नव्हतं. ते उघडल्यावरच कळलं असतं.

रविवारी हेल्पलाइन बंद. पूर्ण दिवस आम्ही मोजत बसलो. धाकटा पट्टी उचलून बॅच वाचायचा, मी लिहायचो. ओल्या पट्टीवरची बॅच बोटाने पुसली की जाते, हे मला रविवारी कळलं. नंतरच्या पट्ट्या आम्ही मोबाइलच्या टॉर्चखाली धरून, न पुसता वाचल्या. दुपारी शेव-उसळ आली, त्या वासात कुणाला खाववेना.

सोमवारी, २ सप्टेंबरला, डीलरकडच्या दुसऱ्या पोराच्या दुसऱ्या मित्राकडून त्या मुलाचा नवा नंबर मिळाला. आता आणंदला मोबाइलचं दुकान चालवतो. नंबर बदलला होता, पण मेल चालू होता. बिचाऱ्याने एका फोनमध्ये ओळखलं. "काका केम छे?" आधी तेच विचारलं. म्हणाला, तुम्ही पाठवा, मी बघतो, दहा मिनिटं चालतो तो आकडा.

मी लॅपटॉपवर बटण दाबलं. तिकडून त्याने सहा आकडे वाचले. मी ते सर्व्हेअरच्या कागदाच्या मागे लिहिले. कॅबिनमध्ये आम्ही तिघेच होतो, सर्व्हेअर बाहेर रॅकचे फोटो काढत होते.

तेव्हा धाकटा म्हणाला, "मेहताजी, राहू द्या ना."

मला आधी कळलं नाही.

"उघडत नाही म्हणून सांगितलंयच आपण. ते लिहून मागतायत. खोटं कुठे आहे त्यात? चार दिवस खरंच उघडलं नाही."

हे मला अजून छळतं ते असं, की त्याचं वाक्य नीट तपासलं तर त्यात खोट सापडत नाही. खोटी एंट्री करायची नव्हती, काही पुसायचं नव्हतं. फक्त दहा मिनिटं जाऊ द्यायची होती. ज्या कुलपाला मी चार दिवस शिव्या घातल्या, ते कुलूप आमच्या बाजूने उभं राहायला तयार होतं.

मी काकांकडे बघितलं. मी मेहताजी, माझं काम लिहायचं, मालक ते. ते चष्मा पुसत होते. तो काही पुसला जाईना, रुमालही गाळाचा. म्हणाले, "किती मिनिटं राहिली?"

"सहा."

"मग बघतोस काय, टाक."

टाकला. निळी चौकट गेली. शनिवारची शिल्लक आली, बॅचवार, शंभरची पट्टी शंभरची. खाली बेरीज ९६ लाख आणि वर काही हजार. सर्व्हेअरना आत बोलावलं. त्यांनी खरेदीची पानं वरखाली केली, तीन बिलं उचलून त्या कंपन्यांना तिथूनच फोन लावले, जुळली. मग आमच्या रविवारच्या यादीशी बॅचा ताडल्या. म्हणाले, "रेकॉर्ड चांगलं ठेवलंय." ते ऐकून मला एरवी आनंद झाला असता.

नुकसान बसलं ३६ लाखांचं. ९६ वर ८० म्हणजे पावणेसतरा टक्क्यांना जरासा कमी एवढी कमतरता. माफी पंधराची. माल चौऱ्याण्णवपर्यंत असता तर पूर्ण छत्तीस मिळाले असते. आता छत्तीस गुणिले ऐंशी भागिले शहाण्णव, तीस. सहा लाख त्या बेरजेत गेले. शिवाय नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करायचं, कलम १७(५)(एच), तेव्हा बहुतेक औषधांवर १२ टक्के होता. ते वेगळं. पाण्यात बुडालेल्या मालावर सरकारला पुन्हा कर द्यायचा, हे काकांना समजावताना मी दोनदा अडखळलो.

पॉलिसी मे महिन्यात जुन्याच आकड्यावर नूतनीकरण झाली होती. एजंटाने फोन केला, काकांनी चेक दिला, मी ती पावती विमाखर्चात खतावली. रक्कम बघितली, तारीख बघितली. विमा किती रकमेचा, ते वाचलं नाही. म्हणजे दोन्ही ठिकाणी मी होतो, मे महिन्यातही आणि "टाक रे तुझाच" म्हणतानाही. सॉफ्टवेअरवाल्यांवरचा माझा राग त्यामुळे कमी झालेला नाही. स्वतःच्या वह्या वाचायला आणंदच्या दुकानातल्या पोराची मर्जी लागावी, तो भला निघाला हे आमचं नशीब, ही काही पद्धत झाली नाही. पण हल्ली शिवी देताना मध्येच थांबतो.

पॉलिसी आता वाढवली. खात्यात मेल माझा नाही, दुकानाचा काढला, पासवर्ड काकांच्या तिजोरीत. नंबर काकांचा, तोच बटणांचा फोन. तो आता गणपतीच्या फोटोखाली खिळ्याला टांगलेला असतो, चार्जरसकट, पाणी आलं तरी पोचणार नाही इतका उंच. अपडेट आलं की सॉफ्टवेअर पुन्हा विचारतं, फोन भिंतीवर थरथरतो. धाकटा काउंटरवरून ओरडतो, "मेहताजी, सहा लाखांचा फोन वाजतोय." काका ऐकून न ऐकल्यासारखं करतात, स्टुलावर चढतात आणि मला आकडे वाचून दाखवतात, एकेक करून, मी टाइप करेपर्यंत थांबत.