कच्ची सनद

गावात मला २०२३ पासूनच 'वकीलबाई' म्हणतात. वकिलीची सनद आली, काळा कोट शिवला, टेलरने बाह्या दोन बोटं लांब ठेवल्या. गावाला तेवढं पुरे होतं. पण ती सनद कच्ची होती. लॉ झालं, बार कौन्सिलात नाव नोंदवलं की दोन वर्षं कोर्टात उभं राहता येतं. त्या मुदतीत ऑल इंडिया बार एक्झाम, म्हणजे एआयबीई, काढावी लागते. ती निघाली तर सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस. नाही निघाली तर कोट खुंटीला.

मी पहिल्यांदा नापास झाले. हे गावात तिघांनाच माहीत होतं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. कोरडवाहू पाच एकर. पराटी म्हणजे कापूस, सोयाबीन, तुरीचे तास, म्हणजे ओळी. बी.ए. करून घरी बसले होते. २०२० ला लॉची सीईटी दिली ती खरं सांगायचं तर लग्नाचा विषय वर्षभर लांबवायला. दीडशे प्रश्न, दोन तास, चुकलं तरी गुण कापत नव्हते. इंग्रजीचे पन्नास प्रश्न पाहून घाम फुटला, पण सामान्य ज्ञानाच्या चाळीसांनी तारलं, कारण घरी टीव्ही कमी आणि पेपर जास्त. मग तीन वर्षं यवतमाळ, एसटीने जाऊन-येऊन. शेवटच्या वर्षी, मार्च २०२३ मध्ये, बायकांना अर्धं तिकीट झालं. त्या उरलेल्या पैशांतून मी दिवाणी प्रक्रिया संहितेची, म्हणजे सीपीसीची, नुसत्या कायद्याची प्रत, माझा पहिला बेअर अ‍ॅक्ट घेतला.

मधेच मला सॉलिसिटर व्हायचं वेड लागलं होतं. एका सीनिअर मुलीने सांगितलं, मुंबईत ही वेगळीच जमात असते. १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यातला अ‍ॅटर्नी आणि अ‍ॅडव्होकेट हा भेद गेला, तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी अजून सॉलिसिटरची परीक्षा घेते, आणि त्यासाठी कुणा सॉलिसिटरकडे तीन वर्षं उमेदवारी करावी लागते. कंपन्यांचे करार, मोठमोठ्या इमारतींची टायटलं. मी डोंबिवलीतल्या कॉटचं भाडं, लोकलचा पास आणि जेवण यांची बेरीज वहीच्या मागच्या पानावर केली. बेरजेखाली रेघ ओढली आणि वही मिटली. बाबांना सांगितलंसुद्धा नाही.

तालुक्याच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकीलसाहेबांकडे बसायला लागले. बसायला म्हणजे खरंच बसायला. पहिले दोन महिने बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, उतरवून घ्यायचा, पुकारा झाला की साहेबांना बोलवायचं, रोजनामा, म्हणजे केसमध्ये त्या तारखेला काय झालं त्याची नोंद, वाचायचा, पुरसिसवर, म्हणजे कोर्टाला द्यायच्या छोट्या लेखी निवेदनावर, पक्षकाराची सही घ्यायची. साहेबांच्या मुन्शीने मला जे शिकवलं ते तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं: अर्ज आला की आधी समोरच्याचा से, म्हणजे लेखी म्हणणं, आलं का पाहायचं, मग बाकीचं. पण परीक्षेत कुणी पुरसिस विचारत नाही. परीक्षेत शंभर प्रश्न, चार-चार पर्याय. राज्यघटना, फौजदारी प्रक्रिया आणि दिवाणी प्रक्रिया दहा-दहा गुणांच्या. दंड संहिता, पुरावा, कुटुंब कायदा आणि करार-मालमत्ता-चेकचा गठ्ठा आठ-आठ गुणांचा. एवढ्यातच बासष्ट झाले. उरलेल्या अडतीसात कर, कामगार, पर्यावरण, सायबर, भूसंपादन, काय वाट्टेल ते. खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला पास व्हायला पंचेचाळीस टक्के लागतात, एससी-एसटीला चाळीस.

मी सगळ्यांसारखंच केलं. एक जाड गाइड घेतलं, मोबाईलवर एका अ‍ॅपचा कोर्स घेतला, ज्यातला मास्तर दर पाच मिनिटांनी 'गाईज' म्हणायचा. गाइड मराठी होतं आणि तिथेच घोळ झाला. कोर्टात ज्याला सगळे मनाई हुकूम म्हणतात त्याला गाइडात 'व्यादेश'. गावात ज्याला वहिवाट म्हणतात त्याला 'सुविधाधिकार'. लहानपणापासून ओट्यावर ऐकलेल्या भांडणांची ही नवी नावं पाठ करता करता मला मूळ भांडणच ओळखू येईना. म्हणून पेपर इंग्रजीतून द्यायचा ठरवला आणि बेअर अ‍ॅक्टच्या मार्जिनमध्ये माझ्या शब्दांत सगळं लिहून काढलं. निळ्या पेनाने, बारीक अक्षरात, जिथे जागा दिसेल तिथे. ऑर्डर ३९ च्या, म्हणजे सीपीसीतल्या मनाई हुकुमाच्या प्रकरणाच्या, पानावर तर छापील कमी आणि माझंच जास्त.

१० डिसेंबर २०२३, परीक्षेचा दिवस. आदल्या दिवशी यवतमाळहून कळंब, देवळी, वर्धा करत नागपूरला पोचले, मावसबहिणीकडे झोपले. सकाळी केंद्राच्या दारात पिशवी तपासणाऱ्या बाईंनी सीपीसी उघडली आणि पानं फरफर उलटली.

"मॅडम, हे आत नाही जाणार. लिहिलेलं आहे."

"माझंच आहे हो, कॉपी नाही."

"तुमचंच आहे म्हणूनच."

त्यांचं बरोबर होतं. नोट्स नसलेला बेअर अ‍ॅक्टच आत नेता येतो, हे सूचनेत स्पष्ट होतं. मी वाचलंही होतं. पण माझ्या डोक्यात 'नोट्स' म्हणजे छापील टीपा असलेलं पुस्तक, आपण पेनाने केलेली रेघोटी नव्हे. सीपीसी गेली, फौजदारी प्रक्रिया गेली, दंड संहिता, पुरावा, सगळं एका ओळीत बाहेरच्या टेबलावर, पावती नाही काही नाही. राज्यघटना तेवढी आत गेली, कारण तिच्यावर पेन टेकवण्याइतकी ती मी उघडलीच नव्हती.

पेपर कसा गेला ते लिहीत नाही. ऑर्डर आठवे, नियम आठवेना. कलम आठवे, पोटकलम आठवेना. पान डोळ्यांसमोर दिसत होतं, निळं पेनसुद्धा दिसत होतं, छापील ओळ तेवढी पुसट. मार्चच्या शेवटी निकाल लागला. थोडक्यात गेलं. थोडक्यात जाणं जास्त लागतं, हे पराटीला एक पाणी कमी पडलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

बाबा एवढंच म्हणाले, "पुन्हा भराचे किती?"

"साडेतीन हजार."

"भर मंग."

त्या वर्षी जुलैत दोन गोष्टी झाल्या. ३० तारखेला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नावनोंदणीला खुल्या प्रवर्गाकडून साडेसातशेच्या वर घ्यायचे नाहीत. मी सनद त्याआधी काढलेली. बाबांनी त्या वेळी गोऱ्हा विकला होता, तेव्हा ही बातमी मी घरी मोठ्याने वाचली नाही. दुसरी गोष्ट त्याआधीची, १ जुलैची: भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रियेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता, पुराव्याच्या जागी साक्ष्य अधिनियम. पाचशे अकरा कलमांची तीनशे अठ्ठावन्न झाली. माझे निळ्या पेनाचे तीन ग्रंथ एका रात्रीत रद्दी. रद्दी तरी कसली, जुन्या गुन्ह्यांच्या केसेस जुन्याच कायद्याने चालणार, म्हणजे दोन्ही पाठ पाहिजेत.

आमच्या साहेबांना याचा भारी राग. चाळीस वर्षं तोंडात बसलेलं चारशे वीस आता तीनशे अठरा झालं. खून एकशे तीन. आणि नव्या संहितेत तीनशे दोन उघडलं तर धार्मिक भावना दुखावणारे शब्द! सगळ्यात खोडसाळ चारशे ब्याऐंशी: जुन्या प्रक्रियेत तो हायकोर्टाचा अंगभूत अधिकार, नव्यात तोच आकडा अटकपूर्व जामिनाचा. एका दुपारी बाररूममध्ये दोन वकील अर्धा तास चारशे ब्याऐंशीवर भांडले आणि दोघंही बरोबर होते.

या वेळी गाइड माळ्यावर टाकलं. अ‍ॅप काढून टाकलं. नवे बेअर अ‍ॅक्ट आणले, त्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली, आणि त्यांच्यावर स्वतःचं नावसुद्धा टाकलं नाही. लिहायचं कुठे मग? ते उत्तर वावरात सापडलं.

परीक्षेची तारीख पुढे सरकत सरकत २२ डिसेंबरवर आली होती. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे कापसाचा वेचा. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर किलोमागे भाव चढलेला, त्यामुळे कोर्टाला सुटी असेल त्या दिवशी मीही कमरेला ओटी बांधून पराटीत. पराटीच्या एका तासाला सीपीसीची एक ऑर्डर, असं ठरवलं. पाचवी समन्सची, सातवी दाव्याची, आठवी कैफियतीची, नववी एकतर्फीची. एकविसावी, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची, सगळ्यात लांब. तिला नाल्यापर्यंतचं तास दिलं. बोंडाची टोकं नखाशेजारी टोचतात, बोटं फाटतात. रात्री त्याच बोटांनी बेअर अ‍ॅक्टचं पातळ पान उलटताना कागद चामडीला अडकायचा. पण कलम अडकत नव्हतं.

शेजारच्या तासातली काकू एक दिवस म्हणाली, "काय पुटपुटून राह्यली व? मंतर मारून राह्यली का पराटीवर?"

मी तेव्हा बाविसाव्या ऑर्डरवर होते. सांगितलं, "काकू, दाव्यातला माणूस मेला तर नव्वद दिवसांत वारसांची नावं लावावी लागतात. नाही लावली तर त्याच्यापुरता दावा पडतो."

काकूचा हात बोंडावर थांबला. "आमचे भासरे गेले, तवा केस बंद पडली. वकील म्हने, संपली. आमाले वाटलं मानूस गेला तं केस बी गेली."

"विलंब माफीचा अर्ज देता येत होता."

"आता?"

आता चौदा वर्षं झाली होती. मी काही बोलले नाही. काकूने ओटी झटकली आणि पुढच्या झाडाला गेली. ऑर्डर बावीस मला त्या दिवसापासून वाचावी लागली नाही.

मग मी तसंच करत गेले. एक वही केली; तिच्यात कलमं नाहीत, घरं. चेकचं कलम १३८ म्हणजे आमच्या गल्लीतला तो काका, ज्याला कापसाचा चेक परत आल्यावर व्यापाऱ्याने "उद्या देतो, परवा देतो" करत महिना काढायला लावला: बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवस, मग महिन्याभरात तक्रार. त्याची पहिलीच पायरी हुकली. मुलीला मुलाइतका वाटा देणारी हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती म्हणजे पलीकडच्या घरच्या तिघी बहिणी, ज्यांनी हक्कसोड करून दिलं आणि बदल्यात एक-एक साडी नेली. त्यांना विचारलं तर म्हणतात, माहेर राहिलं पाहिजे. कायदा बरोबर आहे आणि त्याही अगदीच चूक नाहीत. परीक्षेत मात्र एकच गोळा काळा करायचा असतो.

घटनेला गावात घर मिळेना. शेवटी ती मी सरळ वाचली, पहिल्या पानापासून. मागच्या वर्षीची तीच कोरी प्रत.

नागपूरला दुसऱ्यांदा गेले तेव्हा केंद्र वेगळं होतं, दारातली बाईही वेगळी. त्यांनी पानं फरफर उलटली. कव्हरवरच्या वर्तमानपत्रात सोयाबीनच्या भावाची बातमी होती, ती त्यांनी दोन ओळी वाचली आणि पुस्तकं परत दिली. आत गेल्यावर बेअर अ‍ॅक्ट मी चार-पाच वेळाच उघडला. शोधायला वेळ जातो, आणि जे शोधावं लागतं ते बहुधा तेव्हा सापडतही नाही. पण हाताशी आहे म्हटल्यावर धडधड कमी होते. पहिल्यांदा देणाऱ्याला मी एवढंच सांगते, पुस्तकाचं अनुक्रमणिकेचं पान पाठ करा.

मार्चमध्ये निकाल आला. मी कोर्टातून घरी पोचले तेव्हा बाबा गोठ्यात कुटार टाकत होते.

"पास झाले."

"आता पक्की का?"

"पक्की."

त्यांनी टोपलं खाली ठेवलं. "मंग आता आपल्या पांधनीचं पाह्य. कोनता कायदा लागते?"

आमच्या वावरात जायची वाट खालच्या शेतवाल्याने काट्या लावून अडवलेली आहे. आम्ही लांबून, नाल्यातून बैलगाडी नेतो. मी सांगितलं, मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ चा, कलम पाच; तहसीलदाराकडे जायचं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

"अडवलं तवा तू दहावीत होती."

"मग ते गेलं. महसूल कायद्याचं कलम १४३ आहे, धुऱ्यावरून, बांधावरून रस्ता मागायचं. तो अर्ज देता येतो."

"थे होतं का तुह्या पेपरात?"

"नाही."

"अन् मामलेदाराचं?"

"तेही नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बैलाकडे. "मंग कायचा पेपर होता व थो?"

दुसऱ्या दिवशी गटाचा नकाशा काढायला तलाठ्याकडे गेले. तलाठीसाहेब मीटिंगला गेले होते.