चार मिलिमीटर

तारा सैल केल्या की मेंडोलिनचा ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, अलगद हातात यायला हवा. साध्या गिटारचा ब्रिज तबलीला, म्हणजे वाद्याच्या पुढच्या फळीला, चिकटवलेला असतो. मेंडोलिनचा तसा नसतो. आठ तारांचा दाब असतो म्हणून तो उभा राहतो, बाकी त्याला धरून ठेवणारं काहीच नाही. म्हणून तर तो मागेपुढे सरकवून वाद्य सुरात आणता येतं. त्या दिवशी टेबलावर आलेल्या मेंडोलिनचा ब्रिज मात्र जागचा हलेना. पायाच्या कडेला गोंदाचा पिवळा पडलेला ओघळ दिसला आणि माझं डोकं फिरलं.

वाद्य घेऊन आली होती एक कॉलेजातली मुलगी, सोबत तिचे आजोबा. तक्रार मुलीची. "दादा, मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर येतात, पण वरच्या पडद्यांवर गेलं की सगळं उतरतं." आजोबा म्हणाले, "काही उतरत नाही. हिला फोनमध्ये बघून वाजवायची सवय लागलीय." आजोबांनी ऐन उमेदीची वर्षं सांगली-कोल्हापूरकडच्या वाद्यवृंदांत याच वाद्यावर काढलेली. मी तारा सोडत होतो तोवर त्यांचं सुरू झालं. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत मुळात मेंडोलिनवाले, संगीतकार सज्जाद हुसेन तर यावर राग वाजवायचे, आणि आता लोक याला बेंजो म्हणतात. शेवटच्या मुद्द्यावर आमचं एकमत झालं. माझ्या दुकानातही येणारे निम्मे लोक याला बेंजोच म्हणतात.

मापं घेतल्याशिवाय कोणाचंच ऐकायचं नाही असा माझा नियम आहे. नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपासून, बाराव्या पडद्यापर्यंत १७६ मिलिमीटर भरलं. पडदे म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, आणि बारावा तारेच्या मध्यावर येतो, म्हणून त्याची दुप्पट, ३५२. तार पडद्यावर दाबली की थोडी ताणली जाते आणि सूर चढतो, तो चढ मारण्यासाठी ब्रिज दीड-दोन मिलिमीटर आणखी मागे ठेवायचा. म्हणजे जागा ३५४ च्या आसपास. हा ब्रिज ३५८ वर चिकटवलेला. चार मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण एवढ्या छोट्या वाद्यात तेवढ्याने बाराव्या पडद्यावरचा सूर वीसेक सेंट उतरतो, म्हणजे अर्ध्या सुराचा पाचवा हिस्सा. मुलीचा कान बरोबर होता.

त्यात गंमत अशी की ब्रिजच्या जरा पुढे, तिरप्या उजेडात, पॉलिशवर जुन्या पायाचा ठसा स्पष्ट दिसत होता. कारखान्यातून वाद्य बरोबरच निघालेलं. पुढे कोणीतरी आठही तारा एकदम काढल्या असणार, ब्रिज निसटला असणार, अंदाजाने कुठेतरी ठेवला आणि पुन्हा निसटू नये म्हणून वर गोंद ओतला. आजोबांना आठवत होतं, तीसेक वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तारा बदलून घेतल्या होत्या. तारा एकेक करून बदलायच्या, एवढं साधं आहे हो! पण आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे जे हलतं ते पक्कं करणं.

ब्रिज सोडवण्यातच सकाळ गेली. हेअर ड्रायरची ऊब द्यायची, पातळ पात्याची सुरी गरम करून कडेने एक केस आत सारायची, थांबायचं, पुन्हा ऊब. घाई केली की पॉलिश आणि तबलीचा पापुद्रा सोबत येतो. मग पाय बसवायचा. इतक्या वर्षांच्या ताणाने तबलीला मधे हलका फुगवटा आला होता आणि ब्रिजचा पाय सपाट. तबलीवर पॉलिशपेपर खरखरीत बाजू वर करून चिकटपट्टीने लावला आणि त्यावर ब्रिज घासत राहिलो. मागून टॉर्च धरल्यावर पायाखालून उजेडाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत. हे काम मला मनापासून आवडतं. याचे पैसे वेगळे मागितले की लोक तोंडाकडे बघतात, कारण दिसायला काहीच बदललेलं नसतं.

नटच्या खाचाही वर राहिलेल्या. तिसऱ्या पडद्यावर तार दाबली तर पहिल्या पडद्यावर ती जेमतेम कागदभर उचललेली हवी, इथे नख सहज जात होतं. बारीक तारांच्या खाचांसाठी मी गॅस-वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या कानशी वापरतो. परदेशी कानशींच्या किमतीत माझं महिन्याचं भाडं निघेल. पहिल्या पाच पडद्यांना पडलेले चर घासून सपाट केले, माथे पुन्हा गोल केले. तारांची उंची बाराव्या पडद्यावर साडेतीन मिलिमीटरच्या वर होती, ती जाड जोडीला पावणेदोन आणि बारीक जोडीला दीडवर आणली. साडेतीनवर कोणी आयुष्यभर वाजवलं असेल यावर विश्वास बसत नव्हता.

संध्याकाळी दोघं आली. मुलीने वाजवून पाहिलं, तोंडभर हसली. मीही खूश. मग आजोबांनी घेतलं.

पहिल्या ओळीतच सूर चढा लागला. मला वाटलं ब्रिज सरकला. तपासलं, जागेवर. त्यांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा चढा, आणि पट्टीवर जितके वर जातील तितका जास्त. त्यांचा चेहरा उतरला. "तारा हाताला लागतच नाहीत. आणि हे काय करून ठेवलंत?"

मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत बसलो. वरच्या पडद्यांवर लांब सूर धरताना त्यांची बोटं तार नुसती दाबत नव्हती, किंचित आडवी ओढत होती. डोळ्याला दिसेल न दिसेल इतकी. आणि मेंडोलिनला एका बोटाखाली दोन तारा असतात. दोन्ही अगदी सारख्या ओढल्या नाहीत तर जोडी आपापसात भांडते, सूर थरथरतो. त्यांची जोडी भांडत नव्हती. उतरलेला सूर ओढून वर आणायची सवय त्या हाताला लागली होती, आणि हे ते करतात याचा त्यांना पत्ताच नव्हता.

मी तारा सैल करून ब्रिज मागे, जुन्या चुकीच्या जागी ठेवला. मुलीचा ट्यूनर लावला आणि म्हटलं, वाजवा. धरलेला जवळपास प्रत्येक सूर हिरव्या दिव्यावर येऊन थांबत होता. आजोबांनी फोनकडे पाहिलंही नाही. मुलगी मात्र टक लावून बघत होती.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "असंच राहू द्या."

"आणि मी कशावर शिकू?" मुलगी म्हणाली.

कारागीर म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: ३५४. तिथे कोणाचाही हात चालेल. पण मघाशी जे ऐकलं ते सुरातच होतं, हेही नाकारता येईना. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सवय बदला म्हणून सांगायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. मधल्या जागेचा विचार आला. दोन मिलिमीटर मागे ठेवला असता तर दोघंही बेसूर झाले असते, म्हणून सोडून दिला. शेवटी तबलीवर कागदी चिकटपट्टी लावून दोन रेघा मारल्या, तारा किती सैल करून, दोन्ही हातांनी ब्रिज कसा सरकवायचा ते मुलीला दाखवलं आणि पुढच्या रेघेवर ठेवून वाद्य दिलं. आजोबा काही बोलले नाहीत. पैसे मुलीने दिले.

परवा तिचा फोन आला, तारांचे नंबर विचारायला. मी न राहवून विचारलं. म्हणाली, "सकाळी आजोबा वाजवतात तेव्हा मागे, रात्री मी बसते तेव्हा पुढे." म्हणजे रोज दोनदा तारा सैल, रोज दोनदा ताण. चार महिन्यांत तारा जातील, आणि इतका जीव ओतून बसवलेला पाय पॉलिश खरवडून काढेल. दुसरं वाद्य घ्या म्हटलं. तर म्हणे, आजोबांनाही तेच सुचलंय, पण नवं कोणी घ्यायचं यावर घरात वाद चालू आहे.