टर्बो एवढा का ओरडतोय? तुम्ही विचारलंत म्हणून

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर लिहूनच टाकतो, नाहीतर दर वेळी तेच तेच सांगत बसावं लागतं. माझ्या गाडीत जो कोणी पहिल्यांदा बसतो तो तिसऱ्या गिअरला मी जरा पाय दाबला की माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "हा आवाज कसला, टर्बो जातोय का काय?" आणि ज्यांनी स्वतः काम केलंय त्यांचे मेसेज येतात, की कालपर्यंत गाडी गप्प होती, मोठा इंटरकूलर (टर्बोतून तापून आलेली हवा थंड करणारा कूलर) आणि ॲल्युमिनियमचे पाइप टाकले आणि आता नुसती शिट्टी, पाय काढला की फुस्स, टर्बो तर तोच आहे मग आवाज आला कुठून?

आवाज नवीन नाहीये हो. तो बराचसा पहिल्यापासून होताच, तुम्ही त्याच्या तोंडावरचा हात काढलात एवढंच.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारं पात्यांचं चाक. त्याचा शाफ्ट, म्हणजे दांडा, बूस्टमध्ये (हवा दाबली जात) असताना मिनिटाला 1 लाख 20 हजार फेरे आरामात मारतो, छोटे टर्बो तर 2 लाखांच्या वर जातात. 1 लाख 20 हजार म्हणजे सेकंदाला 2000 फेरे. आता चाक कितीही बॅलन्स केलेलं असलं तरी सगळी पाती अगदी तंतोतंत सारखी कधीच नसतात, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला हवेला एक बारीक धक्का बसतो आणि सेकंदाला 2000 धक्के म्हणजे 2000 हर्ट्झचा सूर, आणि माणसाचा कान नेमका 2000 ते 5000 च्या आसपास सगळ्यात तिखट असतो. म्हणून ती शिट्टी इंजिनच्या आवाजातूनही सुईसारखी वर येते. (पात्यांचा स्वतःचा सूर वेगळा, 12 पाती धरली तर 24,000 हर्ट्झ, तो आपल्याला ऐकूच येत नाही, गल्लीतल्या कुत्र्यांना येत असेल.)

कंपनीच्या इंजिनिअर लोकांना हे सगळं माहीत असतं, म्हणून ते जाड रबराचे होज टाकतात, प्लास्टिकचे पाइप टाकतात आणि बऱ्याच गाड्यांत मध्येच एखादा फुगीर डबा असतो ज्याचं काय काम आहे ते वरून बघून कळत नाही. तो रेझोनेटर. ठराविक सूर मारायला मुद्दाम मापात बनवलेली पोकळी असते ती. आपण काय करतो, रबर काढतो, डबा "फालतू अडथळा" म्हणून काढतो आणि त्या जागी दोन मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत धातूचा पाइप बसवतो जो आवाज गिळत तर नाहीच, वर स्वतः थरथरून बाहेर फेकतो. त्यात तो पाइप बंपरच्या मागून फिरून येतो, म्हणजे समोर भोंगाच लावल्यासारखं.

फुस्सचं गणित अजून सोपं आहे. पाय काढला की थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) बंद होतो, पण टर्बो लगेच थांबत नाही, मग दाबलेली हवा जाणार कुठे, तर डायव्हर्टर व्हॉल्व्ह उघडतो आणि ती हवा परत टर्बोच्या आधीच्या पाइपात सोडतो. समजा आधी पाइप आणि कूलर मिळून 6 लिटर जागा होती आणि आता 10 झाली, तर त्याच बूस्टला सोडायची हवा पण त्याच हिशोबात वाढली, म्हणजे फुस्स लांबतं. आणि सोबत उघडा कोन फिल्टर (डब्याशिवायचा शंकूसारखा एअर फिल्टर) लावला असेल तर विषयच संपला, ती हवा परत येताना जो एअरबॉक्स तिला झाकायचा तोच तुम्ही काढलाय.

कमी बूस्टवर पाय काढल्यावर जो सुतुतुतु येतो तो वेगळा. तिथे स्प्रिंगमुळे व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही आणि हवा कॉम्प्रेसरच्या (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूच्या) पात्यांतून उलटी फिरते, त्याला सर्ज म्हणतात. 1982 ते 1986 मधल्या ग्रुप बी रॅलीचे (अफाट ताकदीच्या रॅली गाड्यांचा वर्ग) जुने व्हिडिओ बघून सगळ्यांना हा आवाज हवा असतो, मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू. हलकासा आला तर घाबरू नका, पण पाय पूर्ण दाबलेला असताना तसला आवाज येत असेल तर गाडी बाजूला घ्या, तिथे शाफ्टला जागेवर धरणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगचं वाटोळं होतं.

आता माझी फजिती. माझ्या गाडीत मोठा कूलर आणि पाइप टाकले तेव्हा शिट्टी, फुस्स आणि सोबत बूस्ट चढताना एक जोरदार सूऽऽऽ असे तिन्ही आवाज होते आणि मी दहा दिवस त्या सूऽऽऽ वर खूश होतो, मित्रांना बसवून बसवून ऐकवला. गाडी जरा जड वाटत होती पण म्हटलं मोठा कूलर आहे, भरायला वेळ लागत असेल, मनाची समजूत काढायला काय लागतं. शेवटी पाइपिंगचं एक टोक बंद करून दुसरीकडून साधारण 1 बार हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं तर थ्रॉटलजवळच्या सिलिकॉन कपलरला (पाइप जोडणाऱ्या नळीला) फेसाचा गोळा. क्लॅम्प पाइपच्या काठावरच्या उंचवट्याच्या मागे बसायला हवा होता, मी तो बरोबर उंचवट्यावर आवळला होता, वर पाइपला आतून तेलाचा थर होताच, त्यावर सिलिकॉन हळूहळू सरकत होता. पुसून, मागे घेऊन, टी-बोल्ट क्लॅम्प लावला. सूऽऽऽ गेला आणि बूस्ट आधीपेक्षा लवकर यायला लागला.

म्हणून मी विचारणाऱ्याला उलट विचारतो, आवाज वाढल्यावर गाडी पळते का? शिट्टी आहे आणि गाडी पळते, तर काही झालेलं नाही. दाब चढताना फसफस आणि ताकद कमी, तर गळती. आणि सायरनसारखा चढत जाणारा किंवा धातू घासल्याचा आवाज असेल तर इनटेक पाइप काढा, शाफ्ट बोटाने हलवून बघा, पातं टर्बोच्या कवचाला टेकत असेल तर मग मात्र टर्बोच.

आवाजाने ताकद वाढत नाही हे पण सांगून ठेवतो. 25 अंशाची हवा 1 बार बूस्टला दाबली की कॉम्प्रेसरमधून साधारण 115-120 अंशाची होऊन निघते, ती थंड करणं हे कूलरचं काम, आणि माझी गाडी लागोपाठ दोन-तीनदा पळवली की सुस्त व्हायची ते आता थांबलंय. मला तेवढंच हवं होतं, शिट्टी फुकटात आली.

कमी करता येते का, तर हो. कोन फिल्टर काढून कंपनीचा एअरबॉक्स परत लावा, निम्मा आवाज तिथेच मरतो, मी तेच केलं कारण दोन तासांच्या प्रवासात बायकोचं डोकं उठायचं. आता काचा वर असतील तर जवळजवळ काही नाही, पण काच खाली आणि बाजूला लांबच लांब भिंत असली की आवाज भिंतीवरून परत येतो, आणि तिथे मी एक गिअर खाली घेतो.